किसनच्या मुलाने बसवलेली कवळी

किसनच्या मुलाने मला फसवले, आणि किसनला ते माहीत होते.

मुलाचे नाव विशाल. तो दातांचा डॉक्टर आहे, नाशिकमध्येच त्याचा दवाखाना आहे. किसन माझा बाजारातला भागीदार. आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षे बैलांच्या खरेदी-विक्रीत एकत्र घालवली. तेव्हा हे घरातल्यासारखे भांडण आहे, आणि ते चारचौघांत मांडणे माझ्या बायकोला पसंत नाही. तरी लिहितो. ज्यांना डॉक्टरांनी सगळे दात काढून कवळी बसवायला सांगितले आहे, त्यांनी हे वाचावे. दात काढल्यावर खालचे हाड कवळीसाठी तयार करावे लागते, कधी त्यासाठी ऑपरेशन करावे लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. जे आधी शांतपणे व्हायला हवे होते, ते मी दोन वर्षे रक्त थुंकल्यावर करून घेतले.

तोंड उघडून बघणे

माझा धंदाच दातांचा होता. डॉक्टरचा नव्हे, हेड्याचा. हेड्या म्हणजे जनावरांचा व्यापारी. वडील दुसऱ्याच्या बैलांमागे राबले, त्यांच्या नावावर एक शेपूटही नव्हते. मी त्र्यंबकच्या डोंगरातून डांगी जनावरे पायी हाकत घोटीच्या बाजाराला आणायचो. आधी दुसऱ्यांची, मग उसनवारीची, मग स्वतःची.

बैलाचे वय दातांवरून कळते. एका हाताने वेसण धरायची, दुसऱ्या हाताची बोटे गालफडाच्या बाजूने आत घालायची. तिथे मध्ये दात नसतात, चावण्याची भीती नाही. मग खालचा ओठ दाबला की सगळे दिसते. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले तर दुसा, चार आले तर चौसा, सगळे आले की जुळलेला. वरच्या बाजूला पुढे बैलाला दात नसतातच, नुसती टणक हिरडी असते. तिच्यावर तो जन्मभर चारा ओढून खातो. पुढे माझे दात गेल्यावर मी कित्येकदा मनात म्हटले की त्याचे चालते, मग आपले का चालू नये.

तोंड मी बघायचो, चाल किसन बघायचा. बैल चार पावले चालला की तो सांगायचा, हा मागच्या उजव्या पायावर भार देत नाही. मी ओरडणारा आणि तो गप्प. मी गिऱ्हाइकाला तापवायचो, मग किसन पुढे व्हायचा, उपरणे टाकायचा आणि त्याखाली गिऱ्हाइकाची बोटे धरून सौदा करायचा. बाहेरच्याला किंमत कळत नसे. किसनच्या तोंडावर रेघ हलत नसे. सौदा झाला की तो उपरणे झटकायचा, आणि त्या झटक्यावरून मला कळायचे की आज जिलबी आहे की नुसता चहा.

आमच्यात एक नियम होता. भागीदाराने आणलेल्या जनावराचे तोंड उघडून बघायचे नाही. त्याने सांगितले चौसा, तर चौसा. बघितले तर तो अपमान. किसनने एकटा जाऊन आणलेल्या एकाही बैलाच्या तोंडात मी कधी बोट घातले नाही. हा नियम पुढे माझ्याच जबड्यावर उलटला.

वणीचा बैल

किसन कसा माणूस होता ते सांगितले नाही तर पुढचे समजणार नाही.

एकदा आम्ही वणीकडच्या एका शेतकऱ्याला एक देखणा बैल दिला. कपाळावर पांढरा ठिपका, अंग घोटीव. तो बैल नांगराला जुंपला की तासातच खाली बसायचा. मारले तरी उठायचा नाही. असा बैल म्हणजे घरात बसवलेला पाहुणा. तो किसनने आणलेला होता, आणि त्यालाही हे माहीत नव्हते, कारण विकणाऱ्याने बैल गाडीला जुंपून दाखवला होता, नांगराला नाही.

शेतकऱ्याचा निरोप आला. माझे म्हणणे होते की सौदा झाला, उपरणे झटकले, आता बैल त्याचा. पुढच्या बाजाराला किसनने त्या शेतकऱ्याला बैल घेऊन बोलावले, आणि ज्या खुंट्यावरून तो विकला होता त्याच खुंट्याला परत बांधला. बाजार भरलेला. लोक थांबून बघायला लागले. किसन बैलाशेजारी उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, हा बैल बसतो, हा मी विकला. शेतकऱ्याला त्याने दुसरा बैल दिला.

मी चिडलो होतो. संध्याकाळी जीपच्या टपावर बसून येताना मी त्याला वाटेल ते बोललो. म्हटले, तुला ठाऊक नव्हते ना, मग तू कशाला खाली मान घालायची?

तो म्हणाला, "ठाऊक नव्हतं, खरंय. पण आता ठाऊक झालं ना?"

एवढेच. बाकी वाटभर तो बिडी ओढत बसला. माझा राग वाटेवरचे वाडीवऱ्हे गाव येईपर्यंत टिकला. त्यानंतर मात्र बाजारात लोक आमच्या खुंट्यावर यायचे ते आमच्याकडचे जनावर दाखवल्यासारखेच निघते म्हणून.

मग ट्रॅक्टर आले. बाजाराचे मैदान तेच राहिले, बैल कमी झाले, शेळ्या वाढल्या. मी दिंडोरी रोडला पशुखाद्याचे दुकान टाकले. किसन सिन्नरला गेला, त्याने मुलाला शिकवले. विशालने दवाखाना उघडला तेव्हा किसनने नारळ माझ्या हातून फोडून घेतला. लोकांना सांगितले, हा याचा थोरला काका. त्या दिवशी मला फार बरे वाटले होते. आजही ते आठवले की आधी बरे वाटते, मग राग येतो.

एक आवाज

तंबाखू आणि चुना माझ्या गालात कायम असायचा. दात हलायला लागले, मग एकेक करून पडायला लागले. राहिलेले विशालने काढायचे ठरवले. चार-पाच वेळा जाऊन बसलो. शेवटच्या दिवशी खालच्या डाव्या बाजूचा एक दात काही केल्या निघेना. विशाल घामाघूम झाला. मग आतून एक आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. तोंड बधिर होते, पण आवाज कानात नाही, डोक्याच्या हाडात ऐकू आला.

मी कापूस भरल्या तोंडाने विचारले की मोडले का काय.

विशाल म्हणाला, "काही नाही काका. झालं."

त्याने माझ्या डोळ्यांकडे बघितले नाही. हे मी तेव्हाच टिपले. जनावर विकणारा माणूस कुठे बघत नाही, तिथेच दोष असतो, हे मला विसाव्या वर्षी कळलेले होते. तरी मी गप्प बसलो. एक्स-रे काढून बघ असे म्हणालो नाही. किसनच्या मुलाला तसे म्हणणे म्हणजे किसनच्या बैलाचे तोंड उघडून बघण्यासारखे झाले असते.

जखमा पुरत्या भरण्याआधीच कवळी आली. हसताना छान दिसायची. मी आरशात बघितले तर लग्नातल्या फोटोतला मीच. बायको, शेवंता, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, आता परत बाजारात उभे राहा.

सवय होईल

पहिल्या आठवड्यातच खालची हिरडी सोलली. विशालकडे गेलो की तो कवळी जरा घासून द्यायचा आणि म्हणायचा, सवय होईल. महिनाभराने दुसरीकडे सोलले. परत घासली. परत सवय होईल. एवढी घासली की ती सैल झाली, बोलताना खालची कवळी उचलून वर यायची आणि जीभ तिला खाली दाबत बसायची. दुकानात दर सांगताना मी तोंडावर हात ठेवायला लागलो. ज्या तोंडाने मी भर बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारायचो, त्या तोंडाने मला सरकीच्या ढेपेच्या पोत्याचा भाव सांगता येईना. माणसे मला खूण करून विचारायला लागली. कोणी तरी घासाघीस करायला आले की मी पहिल्याच बोलीला मान डोलवायचो. सगळ्यात जास्त ते लागले.

लग्नकार्यात कवळी रुमालात बांधून खिशात ठेवायचो आणि वरणभात गिळायचो. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मी त्या काळात खाल्लीच नाही. ताकात कुस्करून खाल्ली, ती भाकरी नव्हे. मला फार मोठे काही नको होते. भाकरीचा तुकडा मोडावा, कच्च्या कांद्याबरोबर चावावा आणि चावताना कोणाशी तरी भांडावे, एवढेच परत हवे होते.

तुकडा

डाव्या बाजूची एक जखम बरी होईना. कडेला मांसाची घडी आली, कवळीच्या कडेखाली दबून पांढरट झालेली. शेवंताने एक दिवस टॉर्च घेऊन माझे तोंड उघडायला लावले. टॉर्च बंद करून म्हणाली, "आता विशालकडं नाय. दुसरीकडं."

मुलगा मला जबड्याच्या ऑपरेशनच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांना सगळे मॅडम म्हणत, मीही तेच म्हणतो. वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी हातमोजे घातले आणि अंगठा माझ्या खालच्या हिरडीवरून हळूहळू फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाई नाही. डोळे मिटून मी मनात म्हटले, या बाईला बघता येते. मग त्यांनी अंगठ्याच्या जागी आरसा धरला, मग मला एका यंत्रात उभे केले, ते डोक्याभोवती फिरले आणि माझा सगळा जबडा पडद्यावर उलगडला.

त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. दात काढल्यावर हाडाच्या कडा तशाच राहिल्या होत्या, करवतीसारख्या. त्यावर हिरडीचे पातळ कातडे, वरून कवळीचा दाब, म्हणजे मी रोज करवतीवर चावत होतो. जिभेच्या बाजूला हाडाचे दोन उंचवटे होते, तेही कवळीच्या आड येत होते. पुढच्या बाजूचे हाड झिजून बारीक झालेले. आणि डावीकडे, हाडात, एक पांढरा ठिपका.

मी विचारले हे काय.

मॅडम म्हणाल्या, "दाताचं मूळ आहे काका. काढताना मोडून आत राहिलंय."

मग मला जे झाले ते लिहायला मला लाज वाटत नाही. मी त्या खोलीत इतका ओरडलो की बाहेर बसलेली माणसे दारात आली. मुलाने माझा दंड धरला. माझे ओरडणे संपल्यावर मॅडम म्हणाल्या की मूळ मोडणे कोणाच्याही हातून होऊ शकते, त्यांच्याही हातून झालेले आहे, पण मोडले तर रोग्याला सांगायचे असते. आणि त्याहून आधी आपल्याला त्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवायचा आहे.

तेव्हा माझा आवाज बसला. त्यांनी त्या रोगाचे नाव घेतले नाही. आम्हीही घेतले नाही. तंबाखूच्या पुडीवर जे चित्र असते ते मी इतकी वर्षे अंगठ्याखाली झाकून पुडी फाडत आलो होतो. रिक्षात शेवंता माझ्या शेजारी बसली होती, तिने माझ्या सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली आणि तिच्या पिशवीत ठेवली. टाकून नाही दिली. म्हणाली, निकाल येऊ द्या, मग बघू. मला वाटते तिलाही तेव्हा काहीतरी हातात धरायला हवे होते.

त्या दिवसांत मी दुकानात बसायचो आणि मनात घोटीचा बाजार भरवायचो. कुठे कोणाचा खुंटा, पाण्याचा हौद कुठे, भज्याची गाडी कुठे लागायची, ओल्या शेणाचा आणि बिडीचा वास, घुंगरांचा आवाज. एकेक माणूस जागेवर उभा करायचो. सगळे उभे झाले की शेवटी किसन. तो मनात आला की बाजार उधळायचा.

निकाल चांगला आला. ती जखम नुसती कवळीने केलेली होती. शेवंताने दवाखान्याबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात पुडी टाकली आणि माझ्याकडे बघितले. त्यानंतर तंबाखू नाही. बडीशेप चघळायला लागलो, हिरड्यांवर.

सौदा

मॅडमनी सांगितले की आधी मूळ काढायचे, हाडाच्या कडा सारख्या करायच्या, उंचवटे आणि मांसाची घडी काढायची, पुढे जिथे हाड कमी आहे तिथे हाडाची पूड भरायची. मग काही महिने थांबायचे. मग हाडात स्क्रू बसवायचे, ते हाडात मुरले की त्यावर कवळी अडकवायची, म्हणजे ती हलणार नाही.

मी विचारले किती स्क्रू. त्या म्हणाल्या, खाली दोन किंवा चार, हाड कसे भरते त्यावर.

"एक," मी म्हणालो.

"एकावर कवळी गोल फिरेल, काका."

"मग दोन. त्याच्यावर एक नाय."

"मी दोनच धरले होते," त्या म्हणाल्या. "चार तुम्हाला खाली यायला जागा असावी म्हणून."

मुलगा तोंड फिरवून हसला. मी पण मान्य केले. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी माझ्याशी नीट सौदा केला होता.

उशाशी कोण

माझ्या रक्तातली साखर वाढलेली निघाली; ती ताब्यात येईपर्यंत मॅडमनी हात लावला नाही. त्यात महिना गेला. रोज सकाळी चालणे, भात बंद, आणि साध्या गोळ्या. मग एका सकाळी मला खुर्चीत आडवे केले आणि इंजेक्शने दिली. दुखत नाही. हे मी शपथेवर सांगतो, कारण घाबरून लोक टाळतात. दुखत नाही, पण ऐकू येते. हाड घासल्याचा आवाज येतो आणि तोंडातले पाणी सतत नळीने ओढले जाते.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. बैलाची शिंगे साळताना, खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारण्याआधी खूर तासताना, तसाच आवाज येतो. पत्री मारायची तर बैलाला दोर टाकून खाली पाडतात, पाय बांधतात. बैल घाबरतो, डोळे पांढरे करतो. त्या वेळी कोणीतरी त्याच्या डोक्याशी बसावे लागते. आमच्यात ते काम किसनचे. तो बैलाची मान मांडीवर घ्यायचा, कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत राहायचा. काय बोलतोस असे मी एकदा विचारले, तर म्हणाला, काही नाही, आज जेवायला काय आहे ते सांगतो. बैल शांत पडायचा.

डोळ्यांवर हिरवे कापड होते. हाड घासले जात होते. आणि माझ्या मनात आले की आत्ता डोक्याशी किसन हवा होता. ज्याच्या मुलाने ही वेळ आणली, त्याचीच आठवण झाली. याचा मला तेव्हा इतका राग आला की मी पाय हलवला, आणि मॅडमनी विचारले, दुखतंय का. नर्सने माझा हात धरला. तिचा हात गार होता. काम संपेपर्यंत तिने तो सोडला नाही. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. तिचे भले होवो.

मूळ निघाल्यावर मॅडमनी ते कापसावर ठेवून दाखवले. तांदळाच्या कणीएवढे. एवढ्याशा गोष्टीसाठी एक शब्द बोलायचा होता.

पेज

तोंड सुजून भोपळ्यासारखे झाले. मिठाच्या पाण्याच्या चुळा, बर्फाचा शेक, बोलायचे नाही. खायला नागलीची पेज, मुगाचे पातळ वरण, मऊ भात. रोज तेच. मी चिडचिडा माणूस आहे, त्यात बोलणे बंद, म्हणजे चिडणे सगळे हातात उतरले. एकदा मी पेजेची वाटी जोरात सरकवली, ती खाली पडली. शेवंताने फरशी पुसली, दुसरी वाटी भरली आणि समोर ठेवून म्हणाली, "टाके हिरडीला घातलेत. थोडे हातांना पण घालायला पायजे होते."

हसायला आले, आणि हसलो की टाके ओढायचे.

नंतर लक्षात आले की तीही माझ्याबरोबर पेजच पीत होती. सुनेला तिने सांगून ठेवले होते की भाकऱ्यांचा वास घरात नको, यांच्या जिवाला लागतो. त्या दिवसांत घरात तवा तापला नाही. मुलगा बाहेर खाऊन यायचा. हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही, मी रिकाम्या तव्यावरून ओळखले; सून नंतर बोलली.

किसन आला

सूज उतरत होती तेव्हा किसन भेटायला आला. सिन्नरहून एसटीने. हातात द्राक्षांची पेटी. द्राक्षे बिनबियांची, मऊ, त्याने विचार करून आणली होती. शेवंताने चहा टाकला. तो बसला, छताकडे बघितले, दुकानाची चौकशी केली, पावसाची केली.

मी टाक्यांतून जमेल तसे म्हटले, "तुझ्या पोरानं माझा जबडा खराब केला."

एवढेच म्हटले. दुसरा शब्द नाही.

किसन म्हणाला, "आता तांदळाएवढ्या मुळाचं लय मनावर घेऊ नको रे. होतं असं."

मुळाचे नाव मी काढले नव्हते. शेवंताने काढले नव्हते. माझ्या मुलाने विशालला किंवा किसनला काही सांगितले नव्हते, त्याला मीच बजावले होते. आणि ते मूळ केवढे होते, हे ते मोडणाऱ्याला माहीत होते, काढणाऱ्या मॅडमना माहीत होते, आणि मला.

मी विचारले, "मूळ राहिलं हे तुला कुणी सांगितलं? आणि कधी?"

किसनच्या तोंडावर रेघ हलत नसे, हे मी वर लिहिले आहे. त्या दिवशी हलली. तो उठला, चपला शोधायला लागला, एक पाय घातला, दुसरी सापडेना. शेवंताने चपला सरळ करून दिल्या. चहा तसाच राहिला. दारात थांबून तो काही बोलेल असे मला वाटले, पण तो गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही, माझाही नाही.

द्राक्षे शेवंताने शेजारी वाटून टाकली.

टिचबटण

हाड आपल्या वेळेने भरते. तिथे माझा आवाज चालला नाही, ओळख चालली नाही. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी मन घट्ट करून ठेवावे की ऑपरेशनपेक्षा हे थांबणे अवघड आहे. मधल्या काळात मी बिनदाताचाच दुकानात बसलो, आणि एक दिवस तोंडावरचा हात काढला. गिऱ्हाइकांनी एकदा बघितले, मग ढेपेचा भाव विचारला.

मग दोन स्क्रू बसले. तेही मुरू दिले. शेवटी नवी खालची कवळी आली. आतून तिला दोन खाचा, त्या स्क्रूंच्या टोकांवर दाबल्या की टिचबटण लागल्यासारखा आवाज येतो आणि कवळी बसते. रात्री काढून धुवायची, सकाळी परत लावायची. मॅडमनी माझ्या हातात आरसा दिला. मी तो बाजूला ठेवला आणि बोटाने कवळी हलवून बघितली. जागेवरून हलली नाही.

त्या दिवशी घरात तवा तापला. शेवंताने नागलीची भाकरी थापली. मी कांदा ठेचायला हात उचलला आणि तसाच थांबलो. बाजारच्या दिवशी आमच्या दोघांच्या भाकऱ्या एकाच फडक्यात असायच्या. कांदा नेहमी किसन फोडायचा, दगडावर ठेवून मुठीने, एका फटक्यात. आतला गोड गाभा मला द्यायचा आणि बाहेरच्या तिखट पाकळ्या स्वतः खायचा. मी कधी मागितला नाही, त्याने कधी विचारले नाही. इतक्या वर्षांत गाभा माझाच.

मी कांदा सुरीने कापला. भाकरी चावली. नीट चावता आली, दोन्ही बाजूंनी. शेवंता समोर बसून बघत होती. विचारले, कशी लागते? मी म्हटले, चांगली लागते. लागत होतीच. पण चावताना भांडायला शेजारी कोणी नव्हते.

मुलगा म्हणतो, तक्रार करा, त्यासाठी कार्यालये आहेत. ते मी करीन की नाही, ते माझे मी बघेन. विशाल तरुण आहे, घाबरला असेल, त्याने झाकले. त्याच्याशी माझा सौदा झालाच नव्हता. मी तोंड उघडून बघितले नाही ते त्याच्या भरवशावर नाही. ते तुझ्या भरवशावर. तो बैल तुझ्या खुंट्यावरचा होता, किसन.

म्हणून मी तुला विचारतो. मी दोन वर्षे तोंडावर हात ठेवून फिरलो. वणीच्या एका लग्नात तू माझ्या शेजारच्या पाटावर होतास, मी कवळी रुमालात बांधताना तू बघितलेस आणि माझ्या पानात भात जास्त वाढायला सांगितलेस. तेव्हा तुला माहीत होते का? त्या जखमेचा तुकडा तपासायला गेला होता, शेवंता देवासमोर बसून होती, तेव्हा तुला माहीत होते का?

पुढच्या बाजाराला मी घोटीला जाणार आहे. आपला खुंटा अजून तिथे आहे, त्याला आता कोणाच्या तरी शेळ्या बांधतात. मी तिथे उभा राहीन. तू ये. चारचौघांसमोर नको असेल तर उपरणे टाक, खालून सांग. पण सांग. ठाऊक नव्हते असे म्हणायला तुला आता जागा नाही. तूच मला शिकवले आहेस की ठाऊक नसले तरी माणसाने खुंट्यावर यावे. मग ठाऊक असताना तू का आला नाहीस, याचे उत्तर दे.